मदत हवी: टाटा 1613 ट्रकमध्ये 697 इंजिन काढून कमिन्स 6बीटी, मागचं फाउंडेशन (इंजिनाची बैठक) जुळेना

चाकण_1613: टाटा 1613 चं 697 उतरवलं, कमिन्स 6बीटी चढवतोय. पुढचं बसलं. मागचे आर्म (इंजिनाचे पाय) चासीच्या ब्रॅकेटपासून 25 मिमी वर राहतात. इंजिन चेन पुलीला लटकलंय. आर्म आणि ब्रॅकेटच्या मधलं कुठलं रबर घेऊ? लवकर सांगा.

डिझेलवाला: गिअरबॉक्स जुनाच का? आर्म कुठल्या इंजिनाचे? रबर उंची भरून काढायला नसतं.

वेल्डर_सांगली: 25 ची प्लेट टाका, चासीला वेल्ड मारा, लांब बोल्ट लावा. तासाभराचं काम.

चासी_अलाइनमेंट: चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्ड नको, होलही नको. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो, तडा तिथूनच जातो. ब्रॅकेट हलवायचंच असेल तर उभ्या बाजूला होल पाडून 10.9 ग्रेडचे बोल्ट लावा. आणि इंजिन तेवढं वर ठेवलंत तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस (शाफ्टचा सांधा) लवकर झिजतो.

वेल्डर_सांगली: लोड गाडीला 25 मिमीने काही होत नाही.

चासी_अलाइनमेंट: होतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कोन एका अंशाच्या आत जुळायला हवेत. कोनमापक लावून बघा.

पासिंग: आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघा. पुढे विम्याच्या क्लेमला अडतं.

चाकण_1613: पासिंगचं नंतर बघू. गिअरबॉक्स जुनाच. इंजिन जनरेटरवरचं आहे, त्याच्याच पायांवर बसवतोय. 6बीटी ते 6बीटीच ना?

डिझेलवाला: दादा, हे पहिल्या ओळीत हवं होतं. ब्लॉक तोच, पण जनरेटरचं फ्लायव्हील हाउसिंग (इंजिनामागच्या जड चाकाचं कवच) आणि त्यावरचे पाय वेगळे. रबर बदलून हे सुटणार नाही. 6बीटीवाल्या 1613 चं हाउसिंग, फ्लायव्हील, दोन्ही आर्म आणि चासीचे ब्रॅकेट घ्या. डावा-उजवा आर्म सारखा नसतो. जुना गिअरबॉक्स त्या हाउसिंगला बसतो का, हे होल आणि पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते) मापून आधीच बघा. रबर त्याच मॉडेलचं, चारही नवीन.

बसवताना सगळे बोल्ट हातानेच लावा. गिअरबॉक्स जोडा, चेन सैल करून पूर्ण वजन रबरावर येऊ द्या, मग बोल्ट आवळा: 8.8 ग्रेडचा एम12 (12 मिमी) साधारण 8 किलोग्रॅम-मीटर, एम16 साधारण 20. आधी आवळलं तर रबर पिळलेलं राहतं आणि चिकटवलेल्या पत्र्यापासून सुटतं. दोन्ही बाजूंची रबरं सारखी दबलेली दिसली पाहिजेत. फॅन आणि श्राउड (फॅनभोवतीचं कवच) यांच्यामध्ये चहूबाजूंनी 20 मिमी जागा ठेवा. इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी विसरू नका, रबरातून करंट जात नाही. पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट क्लच-अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाऊन ती जळते.

पंपवाला: डिझेल पंपही बघा. जनरेटरचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) 1500 आरपीएमला बांधलेला असतो. गाडीला 2500 पर्यंत हवं. बेंचवर कॅलिब्रेशन केल्याशिवाय चालवू नका.

चाकण_1613: म्हणजे इंजिन परत खाली. हाउसिंग जुन्या बाजारातून घेताना काय बघू?

डिझेलवाला: स्टार्टर कुठल्या बाजूला बसतो ते, आणि आर्मच्या होलांचे आटे. आटे गेलेले असतील तर सोडून द्या.