पार्किंगमधील लाल डाग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती

बी-७०३
सर्वांना नमस्कार. काल सकाळी वॉचमन काकांनी इंटरकॉमवरून कळवले की आमच्या गाडीखाली, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढा लालसर तेलाचा डाग पडला आहे. गाडी २०१७ ची असून सहा गिअरांची, टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीची ऑटोमॅटिक आहे आणि तिचे ८२,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर दोनदा असे झाले की इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडीने त्या मानाने वेग घेतलाच नाही. सकाळी डी मध्ये टाकल्यावरही क्षणभर काही होत नाही आणि मग एकदम धक्का बसून गाडी हलते. काल संध्याकाळी एका गॅरेजमध्ये दाखवली, तेव्हा त्यांनी खालून बॅटरी मारून पाहिले आणि "पुढचे सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असे सांगितले. खर्च मोठा आहे, म्हणून होकार देण्याआधी येथे विचारते आहे. सी-१०४ चे काका, आपण या कामात आयुष्य घालवले आहे, आपले मत कळवाल का?

सी-१०४
ताई, निदान होईपर्यंत गाडी चालवू नका, ही माझी पहिली विनंती. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे तेल कमी पडल्याची आहेत. या गिअरबॉक्समध्ये तेल नुसते वंगणाचे काम करत नाही. आतले क्लच दाबून धरतो तो दाब त्याच तेलाचा असतो आणि इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्येही तेच तेल फिरत असते. पातळी उतरली की चढावर तेल एका बाजूला सरकते, पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो, दाब पडतो आणि क्लचच्या प्लेटा घसरतात. घसरणीने त्या तापतात, त्यांच्यावरचे अस्तर जळते, आणि जे काम एका सीलवर भागले असते त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो.

पुढचे सील गेलेच नसेल, असे मी म्हणत नाही. मात्र एकदा बॅटरी मारून ते ठरवता येत नाही, कारण तेल सुटते एका जागी आणि टपकते दुसऱ्याच जागी. वर कुठेतरी सुटलेला थेंब कडेकडेने उतरतो, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलला जातो आणि सर्वांत खालच्या टोकाशी येऊन पडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात तेथील बेल हाउसिंगचा तळ हे बहुतेक गाड्यांत असे टोक असते, म्हणून तेथे ओल दिसली की दोष पुढच्या सीलवर टाकला जातो. हे सील टॉर्क कन्व्हर्टरच्या मानेवर बसते आणि ते बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो, हे खरे. म्हणूनच ते निदान सर्वांत शेवटी, बाकीच्या जागा तपासून झाल्यावर व्हायला हवे.

आज रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुठ्ठ्यावर चाकाची जागा पेनाने खुणावून ठेवा. सकाळी एक थेंब वाटीभर पाण्यात सोडून पाहा. तेल असेल तर तो वर तरंगेल. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, असेल तर पाण्यात मिसळून जाईल. हल्ली पुष्कळ गाड्यांचे कूलंटही लाल किंवा गुलाबी असते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नये. वाटी स्वयंपाकघरातली घेऊ नका आणि पाणी मुले किंवा पार्किंगमधली मांजरे यांच्या वाटेला जाऊ देऊ नका, कारण कूलंट विषारी असते. जुन्या गाड्यांत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगलाही हेच लाल तेल असे. तुमच्या गाडीचे स्टिअरिंग विजेवरचे असेल तर ती शंका उरत नाही.

बी-७०३
काका, थेंब तरंगला. पुठ्ठ्यावर रात्रभरात साधारण पंचवीस थेंब मोजले. स्टिअरिंग विजेवरचेच आहे. आता पुढे काय करावे?

सी-१०४
मग गाडी फ्लॅटबेडवरून, म्हणजे चारही चाके वर घेऊन नेणाऱ्या ट्रकवरून, अशा गॅरेजमध्ये न्या जेथे लिफ्ट आणि गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर दोन्ही आहेत. पुढची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेऊ देऊ नका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असताना चाके फिरली तर आतल्या भागांना तेलच मिळत नाही. तेथे आधी योग्य प्रतीचे तेल घालून पातळी भरून घ्या, खालचे प्लास्टिकचे कव्हर काढून गिअरबॉक्स डीग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडा करायला सांगा, आणि त्यानंतर पंधरा-वीस किलोमीटर चालवून लिफ्टवर घ्या. ओल खालून नव्हे, वरून शोधायची असते: सर्वांत उंचावरची ओली जागा हीच गळतीची जागा. तेलात फ्लुरोसंट डाय (चमकणारा रंग) घालून अतिनील दिव्याखाली पाहिले तर ही जागा आणखी स्पष्ट दिसते.

मेकॅनिकला गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारे पाइप आणि त्यांचे सांधे, सिलेक्टर शाफ्टचे सील, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीले, ऑइल पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटाचे) गॅस्केट आणि ड्रेन प्लगचा वॉशर या जागा दाखवायला सांगा. पॅनबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तेथे दुरुस्तीच पुढच्या गळतीचे कारण ठरते. पॅनचे बोल्ट लहान असतात आणि ते अगदी हलक्या, कंपनीने ठरवून दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात. गळते म्हणून ते जोर लावून पिळले की पत्र्याची कड बोल्टपाशी दबते, दोन बोल्टांमध्ये ती उचलली जाते आणि तेल तेथूनच झिरपते. रबरी गॅस्केटवर सिलिकॉनचा पट्टा ओढू देऊ नका. जास्तीचा तुकडा आत पडून फिल्टरकडे जातो. पॅन उघडलाच तर आतले चुंबक पाहा. त्यावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. धातूचे टोकदार कण हाताला लागले तर प्रकरण गळतीच्या पुढे गेले आहे.

डी-६०२
काका, बाजारात गळती थांबवणारे औषध बाटलीत मिळते. ते आधी घालून पाहावे का?

सी-१०४
दादा, मी तसे सुचवणार नाही. ती द्रव्ये रबर फुगवतात, त्यामुळे कडक झालेले सील काही काळ धरते, पण तडकलेला पाइप किंवा सैल सांधा त्याने भरून निघत नाही. शिवाय चांगल्या स्थितीतली इतर सीलेही त्याने मऊ पडू शकतात आणि तेलाचे घर्षणाचे गुण बदलतात. या गिअरबॉक्सचे क्लच त्या गुणांवरच नीट पकड घेतात.

ए-३०२
आमची गाडी एएमटी आहे आणि आईची सीव्हीटी. दोन्हींना हेच लागू आहे का?

सी-१०४
एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. त्यात क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. त्यामुळे आत गिअर ऑइल असते, आणि यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिच्यासाठी वेगळे तेल आणि वेगळी छोटी टाकी असते. सीव्हीटीत ठरावीक गिअरांऐवजी पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा असतो. तिचे तेल स्वतंत्र असते आणि ते लाल असेलच असे नाही. सीव्हीटीत चुकून दुसरे लाल तेल घातले तर पट्टा घसरून पुल्या खराब होतात, म्हणून पुस्तिकेतले नाव पाहूनच तेल घ्यावे.

बी-७०३
सर्वांना नमस्कार. काका, आपल्या सांगण्याप्रमाणे काल दुसऱ्या गॅरेजमध्ये दिवसभर थांबले. डाय घालून फेरी मारल्यावर दिवे मालवून जांभळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा पिवळसर हिरवी, दोऱ्याएवढी रेघ स्पष्ट दिसली. ती बॅटरीच्या ट्रेखाली, कूलरच्या रबरी होजवर ॲल्युमिनियमचा पाइप दाबून बसवला आहे त्या सांध्यातून निघत होती, गिअरबॉक्सच्या माथ्यावरून उतरत होती आणि बेल हाउसिंगच्या तळाशी येऊन थेंब धरत होती. मेकॅनिक दादांनी तो सांधा कापडाने पुसला. इंजिन चालू असताना मिनिटभरात तेथे मोहरीएवढा थेंब पुन्हा उगवला. पुढचे सील शाबूत आहे. त्यांनी पूर्ण होज आणि दोन्ही टोकांच्या ओ-रिंग बदलल्या.

तेल कधीच बदललेले नव्हते, म्हणून तेही बदलून घेतले. ते गडद तपकिरी निघाले, पण जळका वास नव्हता. पॅन उतरवला तेव्हा चुंबकावर काजळासारखी करडी पेस्ट होती, टोकदार काही लागले नाही. पातळी कशी पाहतात तेही मी शेजारी उभी राहून पाहिले, कारण या गाडीला डिपस्टिक नाही. गाडी लिफ्टवर सपाट धरून, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या स्थानांतून सावकाश फिरवला. स्कॅनरवर तेलाचे तापमान ४० अंशांवर आल्यावर खालचा प्लग उघडला. आधी बारीक धार लागली आणि ती तुटून थेंब पडू लागल्यावर नव्या वॉशरसह प्लग बसवला. सगळा खर्च पहिल्या अंदाजाच्या सातव्या हिश्श्यात बसला.

सी-१०४
फार बरे वाटले, ताई. तेल तापले की फुगते, म्हणूनच तापमान पाहून पातळी ठरवतात. गरम गिअरबॉक्सवर अंदाजाने पाहिले असते तर तेल कमी राहिले असते. एक लक्षात ठेवा: एका वेळच्या बदलात सगळे तेल निघत नाही, कारण बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. त्यामुळे दहा हजार किलोमीटरनंतर आणखी एकदा तेल काढून नवे भरून घ्या. पुठ्ठा आठवडाभर तसाच राहू द्या. होजवर राहिलेला डाय पुसून घेतला आहे ना, तेवढी खात्री करा, नाहीतर पुढच्या तपासणीत जुनीच रेघ नवी वाटेल.

बी-७०३
हो काका, पुसून घेतला आहे. आज सकाळचा पुठ्ठा कोरडा आहे. फरशीवरच्या डागावर वॉचमन काकांनी लाकडाचा भुसा टाकला आहे. तो संध्याकाळी मी पिशवीत भरून गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपाकडे देईन, गटारात जाऊ देणार नाही. तोवर आमच्या पार्किंगच्या जागेजवळून, पी-१४ जवळून, जाताना कृपया सर्वांनी जपून पाऊल टाकावे.