ड्युपॉन्ट हाकललं म्हणून गोव्याचं वाटोळं झालं?

फोंडेकर: काल ग्रुपवर एका शहाण्याने टाकलं, 'परदेशी पैसा आला की देश वर येतो, कोरिया बघा, आपण ड्युपॉन्ट या अमेरिकी कंपनीचा फोंड्याजवळच्या केरीच्या पठारावरचा नायलॉन सिक्स सिक्सचा कारखाना आंदोलन करून हाकलला आणि पायावर धोंडा मारून घेतला.' रात्रभर डोकं फिरलं माझं. अरे बाबा, कोरियाने परदेशी कंपन्यांना मोकळं रान दिलं कधी? १९६५ च्या करारात जपानकडून ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी कर्ज घेतलं, त्यातले काही पोस्कोच्या पोलाद कारखान्यात घातले आणि कारखाना आपल्याच ताब्यात ठेवला. लगाम हातचा सोडला नाही.

डिचोलीकार: लगाम चाटायचा काय? व्हिएतनामात सॅमसंग आली, पोरं कामाला लागली. माझा ट्रक खाणीवर होता, २०१२ ला खाणी बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू, शेवटी ट्रक पडत्या भावात विकला. आता पोरगा कसिनोत पत्ते वाटतो. तुमचं पठार हिरवं राहिलं, अभिनंदन!!

फोंडेकर: तोंड सांभाळून. त्या आंदोलनात १९९५ ला निलेश नाईक पोलिसांच्या गोळीने गेला.

डिचोलीकार: त्याबद्दल नाही बोललो मी. सॉरी.

मडगावची सून: आणि केरीच्या त्याच पठारावर पुढे सेझला, म्हणजे सवलतींच्या खास उद्योगक्षेत्राला, जागा दिलीच की! लोक पेटले, २००७ संपता संपता सरकारने सेझ गुंडाळले, मग कंपन्यांना जागेचे पैसे व्याजासकट परत, अडीचशे कोटींच्या वर. ते आपल्याच खिशातले. आणि जपानच्या कर्जातून पाणी-गटाराचं काम निघालं ना, त्यात आमच्या दारचा रस्ता खणला, चेंबरचं झाकण रस्त्याच्या वीतभर वर, सासरे स्कूटरसकट आपटले, दोन महिने प्लास्टर. कसली मदत नि कसलं काय.

डिचोलीकार: झाकण काय जपान्याने येऊन बसवलं? कंत्राटदार इथलाच असणार. आता बोला फोंडेकर, लगाम आपल्याच हातात होता ना?

फोंडेकर: ...बरं. अर्धं मान्य. ताबा आपला म्हणजे काम नीट होतं असं नाही. पण पोस्कोच्या मुद्द्याला उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

डिचोलीकार: अर्धं तर अर्धं, तुमच्याकडून तेवढं मिळालं हेच परदेशी अनुदान समजतो.

मडगावची सून: तुमचं चालू द्या. झाकण अजून तसंच आहे, कुणीतरी काठीला लाल फडकं बांधून उभं केलंय.