बाप-लेकाच्या अबोल्यावरची हेरकथा सुचवा

बडोदेकर: मी दांडिया बाजारात राहतो. मुलगा पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी घर विकण्यावरून आमचं वाजलं, तेव्हापासून फोनवर ‘बरंय ना?’ ‘बरंय’ एवढंच. लहानपणी त्याला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचो. घरी आलो की हेरकथा आधी कोण वाचणार यावरून झटापट. आता गणपतीला चार दिवस येतोय. बाप-लेकाचं फाटलंय अशी हेरकथा हवी आहे, पुस्तक किंवा सिनेमा. इंग्रजी चालेल. शेवटी गळ्यात पडून रडारड नको.

रातवाचक: काका, जॉन ल कारेची ‘अ परफेक्ट स्पाय’ घ्या, १९८६ची. मॅग्नस पिम हा ब्रिटिश हेर वडिलांच्या अंत्यविधीनंतर गायब होतो, डेव्हनला समुद्रकाठी भाड्याच्या खोलीत दडतो आणि मुलासाठी आपलं सगळं आयुष्य लिहून काढतो. बाप रिक अट्टल ठकसेन. खोटं बोलण्याचं बाळकडू घरातलंच, हेरखातं नंतरचं. ल कारे स्वतः हेरखात्यात होते आणि त्यांचे वडील फसवणुकीपायी तुरुंगात गेले होते. म्हणूनच रिकचा संताप येतो, तरी तो समोरून हलू नये असंही वाटतं. सुरुवातीला काळ सारखा मागेपुढे होतो, तिथे सोडू नका.

इंदूरची_मीरा: पुस्तक थोरच. पण काका, सणात हे नको, शेवट फार काळा आहे. आधी ‘टार्गेट’ बघा, १९८५चा, आर्थर पेनचा. जीन हॅकमन बाप, मॅट डिलन मुलगा. पोराला बाप अगदी रटाळ वाटतो. आई पॅरिसमध्ये बेपत्ता होते, दोघं शोधायला निघतात, आणि तिथे कळतं की बाबा पूर्वी सीआयएत होते! मध्ये थोडा रेंगाळतो. आमच्या बाबांशीही माझं बोलणं तुटलं होतं तेव्हा आम्ही तो पाहिला. मी चहा टाकायला उठले, परत आले तर त्यांनी सिनेमा थांबवून ठेवला होता.

रातवाचक: मीराताईंचं पटलं. कादंबरीवर बीबीसीची १९८७ची सात भागांची मालिकाही आहे, रे मॅकअनॅलीने रिक काय उभा केलाय! ती दिवाळीत बघा.

बडोदेकर: मनापासून आभार. पहिल्या रात्री आरती झाली की ‘टार्गेट’. कादंबरीही मागवली, मुद्दाम एकच प्रत.