काचेवर रांगोळीचं ॲनिमेशन: चित्र लुकलुकतंय, कुठे चुकतंय?

गोदाकाठी: खालून उजेड, वर रांगोळी, बोटाने थोडं सरकवायचं आणि एक फोटो, अशी 20 सेकंदांची फिल्म करायची आहे. दोन फुटी ॲक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा), खाली साधा एलईडी बल्ब, वर स्टँडला मोबाइल. फोटो जोडले की उजेड लुकलुकतो, पुसलेल्या जागी कण चिकटून राहतात आणि चित्र हळूहळू डावीकडे सरकतं. नाशिकच्या पावसाळी हवेमुळे असेल का? या पद्धतीच्या चांगल्या फिल्म्सही सुचवा.

बारा_फ्रेम: आधी एक चाचणी. काहीही न हलवता, मोकळ्या काचेचे 10 फोटो काढून जोडा. तरीही लुकलुकलं तर दोष दिव्याचा, नाहीतर मोबाइलचा.

बहुतेक वेळा मोबाइलचाच असतो. रांगोळी वाढली की चित्र काळवंडतं, ऑटो एक्स्पोजर (मोबाइलने स्वतःच उजेड ठरवणं) ते आपोआप उजळ करतं. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर (उजेड आत घ्यायचा वेळ), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि फोकस चारही कायम ठेवा. दिव्याचा दोष असेल तर शटर 1/50 किंवा 1/25 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्बचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. शटरमध्ये पूर्ण आवर्तनं बसली की फरक दिसत नाही. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीला काळा कागद, अंगात गडद कपडे. पांढऱ्या शर्टाचा उजेडही काचेवर पडतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

सरकण्याचं कारण तुमचं बोट. स्क्रीनला हात लावू नका, वायरच्या इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढा. स्टँडचे पाय फरशीला चिकटपट्टीने बांधा.

चाळणीवाली: कण चिकटतात ते ॲक्रिलिकवरच्या स्थिर विजेने. कोरड्या थंडीत हे आणखी वाढेल. पावसाळ्याचा त्रास वेगळा: ओल धरून गुठळ्या होतात. ॲक्रिलिक काढा, 5 मिमी काच घ्या, कडा घासून आणा. काचेखाली ट्रेसिंग पेपर आणि त्याखाली 15–20 सेंमीवर दिवा. दिवा जवळ आला तर मधोमध पांढरा डाग दिसतो.

रांगोळी मैद्याच्या चाळणीने चाळा, तव्यावर मंद आचेवर कोरडी करा, पूर्ण गार होऊ द्या. चाळताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट. खालून उजेड असला की पांढरी रांगोळी करडी दिसते. गडद काळं हवं तर बारीक चाळलेली नदीची वाळू. छटा थराच्या जाडीवर: कणांचा विरळ थर तपकिरी, दोन-तीन मिमीचा थर काळाच. रेघेला इअरबड, मोठ्या जागेला जुनं व्हिजिटिंग कार्ड, पुसायला कोरडा मऊ ब्रश. पंखा बंद.

गोदाकाठी: फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, किती लागतील?

बारा_फ्रेम: सेकंदाला 12, म्हणजे 240. एका फ्रेमला तीन मिनिटं धरली तर 12 तास. इथे मागची फ्रेम परत आणता येत नाही, पुसली की गेली. म्हणून मोठा बदल बसल्या बैठकीत संपवा. मध्येच उठलात तर कपड्याच्या वाऱ्यानेही वाळू हलते.

पंचवटीकर: बघायचं तर ॲनिमेशनकार कॅरोलिन लीफपासून सुरुवात करा. वाळूने केलेली ‘द आऊल हू मॅरीड अ गूज’ (1974) बघताना एक आकार दुसऱ्यात कसा वितळतो, तेवढंच आधी पाहा. ‘द स्ट्रीट’ (1976) काचेवरच्या रंगांची आहे: रंग न वाळता सरकवता येतो, वाळूइतकी धास्ती नाही. दोन्ही कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डच्या.

आणि त्र्यंबकचे फाळके विसरू नका. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम घेत टिपलं होतं. तुमचं काम तेच आहे, फक्त रोप आपोआप वाढत होतं, इथे प्रत्येक कण तुम्हाला हलवायचाय.