मदत हवी आहे: तापमान-नियंत्रक तंतूंच्या स्पिनिंग सिस्टीमवर एफईआर आलाय, क्लेम १ कसा वाचवायचा?

गाभा_आवरण:

नमस्कार मंडळी. भारतीय पेटंट अर्जावर पहिला परीक्षण अहवाल (एफईआर) आला आहे. अर्ज मेल्ट स्पिनिंगच्या (पॉलिमर वितळवून तंतू काढण्याच्या) सिस्टीमचा आहे. आवरण पॉलिप्रॉपिलीनचं, २२५ अंशांवर. गाभा एलडीपीईचा (कमी घनतेचं पॉलिथिलीन), १८५ अंशांवर, आणि त्यात वजनाने ३० टक्के मायक्रोकॅप्सूल. कॅप्सूलमध्ये एन-ऑक्टाडेकेन (वितळताना उष्णता साठवणारं मेण), कवच मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडचं, व्यास ३ ते ४ मायक्रॉन. तंतूत गाभ्याचा वाटा वजनाने ४० टक्के. उदाहरणातलं यार्न १५० डेनियर (९००० मीटरचं ग्रॅममधलं वजन), ४८ फिलामेंट.

क्लेम १ (क्लेम म्हणजे नेमकं कशावर हक्क मागतोय ते सांगणारं वाक्य) मराठीत सांगायचा तर: तापमान-नियंत्रक तंतू कातण्यासाठीची प्रणाली, जिच्यात दोन एक्स्ट्रूडर, मीटरिंग पंप, गाभा-आवरण स्पिनरेट (तंतू बाहेर काढणारी छिद्रांची चकती), क्वेंच चेंबर (तंतू थंड करणारा कक्ष) आणि वाइंडर आहेत. क्लेम ६: तंतूची उष्णता साठवण किमान ५० जूल प्रति ग्रॅम. क्लेम ९: खुद्द तंतू.

आक्षेप असे (डी१, डी२, डी३ म्हणजे परीक्षकाने पुढे केलेले आधीचे दस्तऐवज):
डी३ (गाभा-आवरण स्पिनिंगचं साधं मशीन) मुळे क्लेम १ ला नावीन्य नाही.
डी१ (अमेरिकन पेटंट ४७५६९५८, १९८८), डी२ (अमेरिकन ६८५५४२२, २००५) आणि डी३ एकत्र धरता इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारी भर) नाही.
क्लेम १ वर पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) (ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी), क्लेम ९ वर ३(ई) (नुसतं मिश्रण).
१०(५) खाली एकच शोध नाही.
'इष्टतम तापमान' हा शब्द संदिग्ध.

क्लेम ६ मधले ५० जूल उचलून क्लेम १ मध्ये टाकले तर नावीन्याचा आक्षेप सुटेल का? उत्तराला सहा महिने आहेत, त्यातले दोन संपत आले. याच शोधाचा चीनमध्येही अर्ज आहे.

क्लेम_दुरुस्ती_केंद्र:

नाही सुटणार, आणि टाकूही नका.

क्लेम यंत्राचा आहे. गव्हाची गिरणी ज्वारी दळायला लावली म्हणून गिरणी नवी ठरत नाही. तुमच्या क्लेम १ मध्ये 'तापमान-नियंत्रक' हा शब्द फक्त नावात आहे. खाली जे भाग मोजलेत ते सगळे डी३ मध्ये असणारच, आणि त्या मशीनच्या हॉपरमध्ये कॅप्सूल ओतायला कुणाची ना नाही. तयार तंतूचे जूल लिहिल्याने मशीनचा एक नटही बदलत नाही. परीक्षक म्हणेल, हा परिणाम आहे, रचना कुठे आहे?

तेव्हा वर्णनात शोधा: कॅप्सूल फुटू नयेत म्हणून मशीनमध्ये नक्की काय वेगळं बसवलंय? परिच्छेद क्रमांकांसह लिहा.

गाभा_आवरण:

परिच्छेद २१ ते २६ मध्ये तीन गोष्टी आहेत.
(अ) कॅप्सूल हॉपरमधून जात नाहीत. एलडीपीई वितळल्यावर, वितळण झोनच्या पुढे, साइड फीडरने आत येतात.
(ब) स्पिन बीममध्ये (वितळलेलं पॉलिमर स्पिनरेटपर्यंत नेणारा तापवलेला भाग) गाभा आणि आवरण यांचे तापवलेले मार्ग वेगळे, मधे इन्सुलेशनची पोकळी. दोन्ही प्रवाह थेट स्पिनरेटच्या तोंडाशी भेटतात.
(क) गाभ्याच्या मार्गावर दोन समांतर फिल्टर. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर सेन्सर. दाबातला फरक ठरावीक मर्यादेपुढे गेला की कंट्रोलर प्रवाह दुसऱ्या फिल्टरकडे वळवतो, स्क्रूचा वेग मात्र वाढू देत नाही.

क्लेम_दुरुस्ती_केंद्र:

मग (क) मागे का ठेवलंत? अर्जात खरं सोनं तेच आहे.

एकट्या (अ) वर भिस्त ठेवू नका. काचतंतू तुटू नयेत म्हणून कंपाउंडिंगमध्ये ते साइड फीडरनेच घालतात, हे परीक्षकाला एका शोधात सापडेल. (ब) बरा आहे, पण वेगळे तापवलेले मार्ग बायकंपोनंट (दोन पॉलिमरच्या तंतूंच्या) मशीनवाल्यांना अपरिचित नाहीत. डी३ मध्ये ते आहेत का, आकृत्यांसकट वाचून बघा.

(क) चं गणित वेगळं. नेहमीच्या मशीनमध्ये मीटरिंग पंपाच्या तोंडाशी दाब कायम ठेवायचा लूप असतो. फिल्टर चोंदला, दाब पडला की लूप स्क्रू पळवतं. साध्या पॉलिमरला ते चालतं. इथे स्क्रू पळाला की शिअर (घुसळण्याचा ताण) वाढतो, कॅप्सूल फुटतात, कवचांचे तुकडे पुन्हा फिल्टरमध्येच जातात आणि तो आणखी चोंदतो. नेहमीचा उपाय इथे दुखणं वाढवतो, आणि तुम्ही नेमका तोच बंद केलाय. इन्व्हेंटिव्ह स्टेपचा युक्तिवाद इथून उभा करा.

३(एफ) चं उत्तरही यातच आहे. ते कलम एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ज्ञात रीतीनेच चालणाऱ्या ज्ञात उपकरणांच्या नुसत्या मांडणीबद्दल आहे. तुमचा सेन्सर व्हॉल्व्हला हुकूम देतो, त्याच वेळी स्क्रूला लगाम घालतो, आणि साइड फीडर स्क्रूच्या वेगाशी बांधलेला असेल तर ३० टक्क्यांचं प्रमाणही ढळत नाही. इथे स्वतंत्र चालणारं काहीच नाही.

क्लेम १ चा नवा सांगाडा (दाखल इंग्रजीत किंवा हिंदीतच करावा लागतो, हा केवळ आराखडा):

*तापमान-नियंत्रक तंतू कातण्यासाठीची प्रणाली, जिच्यात आवरणाचा एक्स्ट्रूडर (१०). गाभ्याचा एक्स्ट्रूडर (२०), ज्याच्या वितळण झोनच्या पुढे साइड फीडर (२२) जोडलेला आहे. स्वतंत्र तापमानावर राखलेले दोन मार्ग (३१, ३२) असलेला स्पिन बीम (३०). मीटरिंग पंप, गाभा-आवरण स्पिनरेट (४०), क्वेंच चेंबर आणि वाइंडर आहेत. वैशिष्ट्य असे की, गाभ्याच्या मार्गावर दोन समांतर फिल्टर (२४ए, २४बी), त्यांच्या आधी व नंतर दाब सेन्सर (२५, २६) आणि कंट्रोलर (५०) आहेत. हा कंट्रोलर दाबातील फरक पूर्वनिश्चित मर्यादा ओलांडताच गाभ्याच्या स्क्रूचा वेग मर्यादेत ठेवून प्रवाह दुसऱ्या फिल्टरकडे वळवतो.*

कंसातले आकडे आकृतीतल्या भागांचे. तुमच्या आकृतीप्रमाणे बदला. कलम ५९ ची (दुरुस्तीने क्लेम रुंदावू नये, नवं काही घुसू नये) अडचण नाही, कारण सगळं मूळ वर्णनात आहे आणि क्लेम आधीपेक्षा अरुंद होतोय. खुणा केलेली आणि स्वच्छ, दोन्ही प्रती द्या. प्रत्येक बदलापुढे परिच्छेद क्रमांक घाला.

डीएससी_वक्र:

त्या ५० जूलबद्दल. आकडाच चुकलाय.

ऑक्टाडेकेन २८ अंशांच्या आसपास वितळतं आणि साधारण २४० जूल प्रति ग्रॅम घेतं. कॅप्सूलमध्ये ते ८० टक्के धरलं तर कॅप्सूलचे सुमारे १९० जूल. गाभ्यात कॅप्सूल ३० टक्के, म्हणजे गाभ्याचे ५७. तंतूत गाभा ४० टक्के, म्हणजे यार्नचे जेमतेम २३. कवच शून्य वजनाचं मानून शुद्ध ऑक्टाडेकेन धरलं, तरी यार्नमध्ये ते १२ टक्केच, म्हणजे २९ च्या पुढे आकडा जाणं शक्य नाही.

तुमचं मोजमाप बहुधा गाभ्याच्या चिप्सवर झालंय, यार्नवर नाही. क्लेम ६ मात्र 'तंतूची' म्हणतो. हेच क्लेम १ मध्ये गेलं असतं, तर तुमचं स्वतःचं उदाहरण तुमच्याच क्लेमच्या बाहेर पडलं असतं आणि वर १०(४) खाली अपुऱ्या वर्णनाचा नवा आक्षेप ओढवला असता.

गाभा_आवरण:

बरोबर, चिप्सवरच मोजलंय. मग क्लेम ६ मध्ये ५० चे २० करून टाकू का? की 'गाभ्याची' लिहू?

क्लेम_दुरुस्ती_केंद्र:

दोन्ही नको. 'किमान ५०' चं 'किमान २०' म्हणजे क्लेम ६ रुंदावला, आणि ५९ खाली नवा वाद ओढवू शकतो. 'गाभ्याची' लिहिलं तरी तेच: ज्या तंतूचे सरासरी ५० जूल असतील त्याचा गाभा ५० च्या वरच असणार, पण उलट खरं नाही. क्लेम ६ सरळ गाळा. तो अवलंबून असलेला क्लेम आहे, गेल्याने क्लेम १ ला ओरखडाही येत नाही. 'इष्टतम तापमान'ही काढा, जागी १८५ आणि २२५ चे वर्णनातले पल्ले घाला.

डीएससी_वक्र:

इन्व्हेंटिव्ह स्टेपला आकडे जोडणार असाल तर तुलना नीट करा. पाककृती तीच, मशीन तेच, फक्त एकदा नेहमीचं दाबाचं लूप आणि एकदा तुमचं. दोन्ही यार्नचे तीन-तीन नमुने डीएससीवर (तापवताना-गार करताना घेतलेली-सोडलेली उष्णता मोजणारं यंत्र), ५ ते १० मिलिग्रॅम, बारीक कापून, मिनिटाला १० अंश वेगाने तापवून आणि थंड करून. मोजलेले जूल भागिले हिशेबाचे २३: शाबूत कॅप्सूलचा अंदाज यातून येतो, पण फुटलेलं ऑक्टाडेकेनही गाभ्यात थोडंफार वितळतं-गोठतं, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. हेक्झेनमध्ये धुऊन वजनातली घट मोजा. फुटलेलं तेवढं बहुतांश बाहेर येतं, शाबूत कॅप्सूलमधलं आत राहतं. कोरी (कॅप्सूल नसलेली) एलडीपीई-पॉलिप्रॉपिलीन (पीपी) यार्नही सोबत धुवा, कारण पॉलिमरमधलं आणि स्पिन फिनिशचं (तंतूवर लावलेल्या तेलाचं) थोडं वजन तसंही जातं.

थंड होताना दोन शिखरं दिसली तर घाबरू नका. कॅप्सूलमधलं ऑक्टाडेकेन असं वागतं. दोन्ही मिळून बेरीज घ्या.

क्लेम_दुरुस्ती_केंद्र:

त्यात एक भर. अर्जानंतरचे प्रयोग शपथपत्रासोबत देता येतात, पण मूळ वर्णनात सांगितलेल्या परिणामाला आधार म्हणूनच. 'कॅप्सूल फुटणं कमी होतं' असं वाक्य वर्णनात हवं. ते नसेल तर हे आकडे उपरे ठरतील.

गाभा_आवरण:

वाक्य आहे, परिच्छेद २५ मध्ये. फिल्टर किती मायक्रॉनचा, ते मात्र क्लेममध्ये लिहिलेलं नाही. वर्णनात '२० ते ४०' आहे. लिहावं का?

गोडेट_नंबर_दोन:

मी मशीनच्या बाजूने सांगतो. १५० ला ४८ म्हणजे फिलामेंटला ३.१ डेनियर. पीपीची घनता ०.९१ धरून व्यास येतो साधारण २२ मायक्रॉन, आणि ४० टक्के गाभ्याचा व्यास १४. सुटी कॅप्सूल ४ ची, तिला जागा मुबलक. पण पुष्कळ कॅप्सूल चिकटून २५ चा गोळा झाला तर तो ४० च्या फिल्टरमधून खुशाल जातो आणि ड्रॉ करताना (तंतू ताणताना) आवरण फाडतो. तिथेच फिलामेंट तुटतं. क्वेंचच्या भिंतींवर मेणचट थरही धरतो. उलट २० ला फिल्टर लवकर चोंदतो, म्हणून तर दोन फिल्टरची गरज.

म्हणजे फिल्टरचं माप आणि अदलाबदल एकमेकांना बांधलेली आहेत. अवलंबून क्लेममध्ये '२० ते ४०' नक्की घ्या, क्लेम १ मध्ये नको. कुणी ४५ चा लावून निसटेल.

क्लेम_दुरुस्ती_केंद्र:

सहमत. राहिला क्लेम ९. तंतूचा क्लेम डी१ आणि डी२ पुढे टिकणं अवघड. डी१ मध्ये तंतूच्या आत कॅप्सूल आहेत, डी२ तर बहुघटक तंतूंवरच आहे. तो इथून काढलात तर १०(५) आणि ३(ई) दोन्ही आपोआप मिटतात. तंतू खरंच हवा असेल तर कलम १६ खाली डिव्हिजनल (मूळ अर्जातून विभागलेला वेगळा) अर्ज करा, पण मूळ पेटंट मंजूर होण्याआधी. त्याचा परीक्षणाचा फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, विसरू नका.

आणि चीनचा अर्ज आहे म्हणालात म्हणून: २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर फॉर्म ३ ची (परदेशी अर्जांची माहिती देणारा फॉर्म) मुदत एफईआर निघाल्यापासून तीन महिन्यांची आहे, उत्तराच्या सहा महिन्यांची नाही. तुमचे दोन संपत आलेत. तो याच आठवड्यात भरा, उत्तर नंतर लिहा. उशीर होणारच असेल तर फॉर्म ४ ने मुदतवाढ मागता येते. मुख्य उत्तरालाही सहाचे नऊ महिने होतात, पण तो फॉर्म ४ सहा महिने संपायच्या आत द्यावा लागतो. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं.

गाभा_आवरण:

फॉर्म ३ उद्याच. डी३ च्या आकृत्या काढल्यात: त्यात फिल्टर एकच आहे आणि दाबाचा सेन्सर फक्त पंपाच्या आधी.

क्लेम_दुरुस्ती_केंद्र:

मग उत्तरात ती आकृती क्रमांकासकट दाखवा आणि लिहा की डी३ चं लूप दाब पडल्यावर स्क्रूचा वेग वाढवतं. पण तसं डी३ मध्ये शब्दांत लिहिलं असेल तरच. नसेल तर 'डी३ याबाबत काही सांगत नाही' एवढंच म्हणा.