नगराध्यक्ष थेट निवडून आलेले, बहुमत मात्र विरोधकांचं: कारभार कसा चालवावा?

प्रश्न: नव्या_नगराध्यक्षा

नमस्कार मंडळी. मी आमच्या नगरपरिषदेत थेट जनतेतून नगराध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याआधी माध्यमिक शाळेत शिक्षिका होते. मतदारांनी मला भरभरून मतं दिली, पण सभागृहात चित्र उलटं आहे. 22 नगरसेवकांपैकी 14 समोरच्या आघाडीचे. उपनगराध्यक्षही त्यांचेच.

पहिल्याच सर्वसाधारण सभेत जुनी जलवाहिनी बदलण्याचा विषय त्यांनी 'अधिक माहितीसह फेरसादर करावा' म्हणून बाजूला ठेवला. पुढच्या सभेत घोषणा झाल्या आणि सभात्याग. त्या वाहिनीला रोज नवी गळती लागते आहे, शेवटच्या गल्ल्यांत पाणी पोचत नाही. आमचे कार्यकर्ते म्हणतात, त्यांच्या प्रभागातली कामं अडवा, आपोआप वठणीवर येतील. मला ते पटत नाही, पण हात बांधून पाच वर्षं खुर्चीत बसायचीही तयारी नाही. अनुभवी लोकांनी मार्ग सुचवावा.

उत्तर: निवृत्त_कार्यालय_अधीक्षक

ताई, अभिनंदन. माझी सगळी नोकरी नगरपालिकेत गेली, त्यातली बरीच वर्षं सभेत नगराध्यक्षांच्या शेजारी बसून इतिवृत्त लिहिण्यात. थेट नगराध्यक्षाची पद्धत 2001 मध्ये आली, मग गेली, 2016 ला परत आली, 2020 ला रद्द झाली, 2022 ला पुन्हा आली. पद्धत असताना तुमच्यासारखी कोंडी झालेले अध्यक्ष मी जवळून पाहिले. काही जण पाच वर्षं नुसते भांडले. काहींनी त्याच सभागृहाकडून कामं करून घेतली.

लोकांनी तुम्हाला खुर्ची दिली, पैशाच्या मंजुरीची चावी सभागृहाकडे ठेवली. 1965 च्या नगरपरिषदा अधिनियमाची रचनाच अशी आहे, त्यावर चिडून उपयोग नाही. पण सभा तुम्ही बोलावता, पीठासीन अधिकारी तुम्ही, स्थायी समितीच्या पदसिद्ध अध्यक्ष तुम्ही. हे थोडं नाही.

माझं सगळं सांगणं विषयपत्रिकेभोवती, म्हणजे सभेपुढच्या विषयांच्या यादीभोवती आहे. तुमचा जलवाहिनीचा विषय कसा लिहिला होता, ते कार्यालयातून मागवून वाचा. बहुतेक वेळा तो असा असतो: 'शहरातील विविध ठिकाणची जलवाहिनी बदलणेबाबत विचारविनिमय करणे.' असा विषय तहकूब करायला काहीच लागत नाही, कारण त्यात कोणाचीच गल्ली दिसत नाही. तोच विषय असा लिहा: कोणत्या टाकीपासून कोणत्या चौकापर्यंत, किती मीटर, किती व्यासाची वाहिनी, किती नळजोडण्या, प्रभाग कोणकोणते, अंदाजपत्रक किती, पैसा अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून), तांत्रिक मान्यता कधी मिळाली, निधी कधीपर्यंत खर्च करायचा. सोबत नकाशा. टिपणीत एवढं असलं की 'अधिक माहिती' हे निमित्त उरत नाही. आणि खरंच काही राहून गेलं असेल, तर विरोधक ते दाखवून देतात, कामाचं भलंच होतं.

दहा कामांचा गठ्ठा एका विषयात बांधू नका. प्रत्येक काम वेगळा विषय, वेगळा ठराव. गठ्ठा नाकारणं सोपं असतं. आपल्याच प्रभागातल्या नळाला हात वर करून नकार देणं नगरसेवकाला फार जड जातं.

ऐनवेळचे, म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले विषय मात्र कधीही घेऊ नका, कितीही घाई असली तरी. सभेच्या शेवटी अर्धे सदस्य उठल्यावर घुसवलेल्या एका विषयाने जो विश्वास जातो, तो पुढच्या पंचवीस सभांत परत मिळत नाही.

नोटिशीची मुदत पाळली म्हणजे भागलं, असं समजू नका. सभेच्या आधी दोन्ही बाजूंच्या गटनेत्यांना दालनात बोलवा. मुख्याधिकारी आणि पाणीपुरवठा अभियंता समोर असू द्या. आक्षेप तिथेच येऊ द्या, योग्य वाटला तर टिपणीत घाला आणि ज्याने तो मांडला त्यालाच सभेत ठरावाचा सूचक, म्हणजे ठराव मांडणारा होऊ द्या. जलवाहिनीच्या ठरावावर सूचक म्हणून विरोधकाचं नाव असलं तर तुमचं काय बिघडतं? पाणी तर येतंय!

त्यांच्या प्रभागांतली कामं अडवण्याचा सल्ला ऐकू नका. त्या प्रभागांत तुम्हालाही मतं पडली आहेत, आणि तिथल्या म्हातारीला आघाडी कळत नाही, तुंबलेलं गटार कळतं.

मुख्याधिकारी शासनाचा माणूस असतो. त्याला तोंडी आदेश देऊ नका, तुमच्या बाजूला ओढूही नका. दोन गटांच्या कात्रीत सापडलेला अधिकारी सह्याच करत नाही, फाईल टेबलावर पडून राहते. आणि त्याच अधिनियमाच्या कलम 308 खाली ठरावाला स्थगिती मागायला जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, तर ठराव उघड बेकायदा असेल तेव्हाच जा. ऊठसूट गेलात तर गावाचा कारभार गावात राहत नाही.

उत्तर: माजी_विरोधी_गटनेता

मी त्या दुसऱ्या बाकावर बसलेलो आहे, म्हणून तिकडचं सांगतो. आमचा निम्मा विरोध धोरणाला नसायचा. जाड टिपण्या सभेच्या आदल्या रात्री हातात पडायच्या, भूमिपूजनाला बोलावणं नसायचं, कोनशिलेवर स्थानिक नगरसेवकाचं नाव नसायचं. लोक आम्हाला दारात विचारायचे, 'तुम्ही काय केलंत?' दाखवायला काही नसलं की माणूस सभेत आवाज चढवतो. नगराध्यक्षांनी स्वतः फोन करून 'उद्या तुमच्या प्रभागात पाहणीला येते, तुम्ही सोबत या' एवढं म्हटलं, तरी सभेतली भाषा बदलते. मी अनुभवलं आहे.

एक कळकळीची विनंती: फोडाफोडीच्या वाटेला जाऊ नका. पक्ष बदलणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणारा 1986 चा स्थानिक प्राधिकरणांचा कायदा आहे, अपात्रतेची प्रकरणं सुरू झाली की सगळा वेळ सुनावण्यांत जातो. शिवाय देण्याघेण्यावर आलेला सदस्य प्रत्येक ठरावाला नवं मागणं घेऊन दारात उभा राहतो. ठेक्यांत तुमच्या जवळच्या कोणाचं नाव दिसलं, तर बाकीचे सगळे सल्ले वाया गेले समजा.

उत्तर: नगर_अभ्यासक

वरच्या दोघांशी सहमत, पण सगळं दालनात ठरू लागलं तर लोक बाहेरच राहतील, याची मला काळजी वाटते. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहरात 1989 मध्ये असाच पेच होता. महापौर एका पक्षाचे, नगरमंडळात त्या पक्षाचं बहुमत नाही. त्यांनी वस्त्यावस्त्यांत सभा घेऊन कोणतं काम आधी, हे लोकांकडून ठरवून घ्यायला सुरुवात केली. अंदाजपत्रक मंडळापुढे आलं, तेव्हा त्यामागे वस्त्यांची मागणी उभी होती आणि ते मोडून काढणं सदस्यांना अवघड झालं. आपल्याकडे पुणे महापालिकेने 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली.

लहान गावात तर हे आणखी सोपं. अंदाजपत्रकाआधी प्रत्येक प्रभागात एक बैठक, तिथल्या नगरसेवकाच्याच अध्यक्षतेखाली, मग तो कोणत्याही गटाचा असो. ठराव आणि इतिवृत्तं संकेतस्थळावर टाका. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 4 आपणहून माहिती प्रसिद्ध करायलाच सांगतं.

नव्या_नगराध्यक्षा

सगळ्यांचे मनापासून आभार. विषयपत्रिका आजच काढून वाचली. अधीक्षक काका, तुम्ही लिहिलंत तसाच एका ओळीचा विषय होता, नकाशा नाही, प्रभाग नाहीत. एक शंका: इतकं करूनही त्यांनी पुन्हा तहकूब करा म्हटलं तर? मतदान घेऊन नावं नोंदवली तर कटुता वाढेल का?

निवृत्त_कार्यालय_अधीक्षक

वाढेल थोडी, म्हणून प्रत्येक विषयाला ते करू नका. पाणी, कचरा, सफाई कामगारांचे पगार, एवढ्यापुरतंच राखून ठेवा. आधी शांतपणे विचारा, 'कोणती माहिती हवी ते सांगा, अभियंता आत्ता उत्तर देतील.' उत्तर देऊन झाल्यावरही तहकुबीचा आग्रह राहिला तर विषय मतास टाका, बाजूने कोण, विरोधात कोण, कारण काय, हे इतिवृत्तात जसंच्या तसं घ्या. त्यावर चौकात भाषण करू नका, पत्रकारांना बोलावू नका. विषय पुढच्या सभेत पुन्हा लावा, त्यांनी दिलेल्या कारणाचं लेखी उत्तर जोडून.

आणि त्याआधी एक करा. गळतीच्या गल्लीत सकाळी पाणी सुटण्याच्या वेळी अभियंत्याला घेऊन जा आणि त्या प्रभागाच्या नगरसेवकाला आदल्या दिवशी फोन करा. तो आला तर टिपणीत 'सदस्यांसमवेत स्थळपाहणी' असं लिहिता येईल. आला नाही, तरी त्याच्याविषयी तिथे कोणाजवळ एक शब्द बोलू नका.