पाळीबद्दल मुली काही विचारतच नाहीत, काय करू?

कोरीपाटी:
मी सहावी-सातवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायला जाते. चित्रं दाखवते, सगळं नीट सांगते, पण शेवटी "काही शंका?" म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली, आणि दाराबाहेर पडल्या की खुसूखुसू सुरू. मागे एकीला वर्गात डाग पडला तर हसणाऱ्या माझ्याच ग्रुपमधल्या! म्हणजे माहिती पोचली, लाज आहे तिथेच. काय चुकतंय?

तळटीप:
ताई, तुम्ही त्यांच्यासाठी मोठ्या बाई आहात हो, बाकी काही नाही. नववीतल्या दोघी-तिघींना तयार करा, आणि लेक्चर नको, स्वतःची पहिली पाळी कशी आली तेवढंच सांगू दे त्यांना. आमच्याकडे एकीने सांगितलं की तिला वाटलेलं आपल्याला काहीतरी भयंकर झालंय आणि तिने दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही, त्यावर आधी हशा आणि मग प्रश्नच प्रश्न. तुम्ही मात्र खोलीबाहेर थांबायचं. बिननावाच्या चिठ्ठ्याही घ्या, पण प्रत्येकीने टाकायचीच, कोरी का असेना, म्हणजे कुणी लिहिलं ते कळत नाही. उत्तरं आधी तुम्ही तपासा, पोरी ऐकीव गोष्टीपण ठोकून देतात.

उशीराची_गाडी:
तळटीपशी सहमत. फक्त ते "पाळी म्हणजे वरदान" वगैरे नको प्लीज. मला हेच सांगितलेलं आणि मी पोट धरून पडलेली. त्यापेक्षा कळा का येतात ते सांगा, प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे गर्भाशय आकसतं म्हणून दुखतं, शेकलं की बरं वाटतं. पण शाळा बुडण्याइतकं दुखत असेल, तासातासाला पॅड भिजत असेल किंवा ७ दिवसांच्या वर जात असेल तर डॉक्टरकडे जायचं, "सगळ्यांनाच होतं" म्हणून गप्प नाही बसवायचं. आणि सुरुवातीची दोनेक वर्षं तारखा मागेपुढे होतात, एका पाळीच्या सुरुवातीपासून पुढचीपर्यंत २१ ते ४५ दिवस गेले तरी चालतं, हे नक्की सांगा, उगाच कॅलेंडर बघून घाबरतात.

कोरीपाटी:
केलं! ३१ चिठ्ठ्या, कोऱ्या फक्त ४. एकीने विचारलेलं "सगळं रक्त संपून जाणार नाही ना?" नववीतलीने चक्क चमचा दाखवून सांगितलं, अख्ख्या पाळीत साधारण दोन-तीन मोठे चमचे. आता शेवटच्या बाकाखाली जादा पॅडची पिशवी असते, ती कल्पना त्यांचीच. आणि एका चिठ्ठीत माझ्यासाठी प्रश्न होता: "बाईंना पण येते का?"